टोपलीवर नाव कुणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळीकडे निजानीज झाली, की माझी आजी सूप घेऊन उठत असे. लाटण्याने सुपाच्या पाठीवर थापा देत ती माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून अंगणात जाई. अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा तो विधी. आम्ही मुले गोधडीतून डोळे किलकिले करून पाहत असू, आणि अलक्ष्मी ही कुणी मांजरासारखी चीज असून ती सुपाच्या आवाजाला भिऊन परड्यात पळते, अशी माझी बरीच वर्षे खात्री होती. दुसऱ्या दिवशी तेच सूप चुलीपुढे येई आणि त्यात चिवड्याचे पोहे पाखडले जात. रात्रीच्या मानकऱ्याला सकाळी पुन्हा कामाला जुंपल्याचे कुणालाच काही वाटत नसे.

गेल्या दिवाळीत सांगलीला एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. दिवाणखान्यात भिंतीवर एक सूप टांगलेले होते. त्यावर दाट रंगात गणपती काढलेला, भोवती आरशाचे तुकडे चिकटवलेले आणि कडेला सोनेरी गोंडे. "हस्तकला हं! प्रदर्शनातून आणलं," यजमान कौतुकाने म्हणाले. मी तोंडातली करंजी सांभाळत "वा, छान!" म्हणालो. परंतु एस.टी.त बसल्यावर ते सूप काही डोळ्यांपुढून हलेना. रंगाच्या थराखाली त्याची वीण पार बुजून गेली होती. मूठभर तांदूळदेखील त्यात आता पाखडता आले नसते. सुपाला कलावस्तू करण्यासाठी त्याचे सूपपण आधी काढून घ्यावे लागले होते.

वाचकहो, स्नेह्यांना हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. माझ्याही घरी काचेचे एक कपाट आहे. मी शिक्षणाने मॅट्रिक, पोटापाण्याने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. माझे गाव कराडच्या बाजूचे, सासुरवाड मिरजेची. या दोन गावांच्या वाटेवर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मी ११ टोपल्या जमवल्या. त्यांत दुरड्या आहेत, परड्या आहेत, तांदूळ धुण्याची रोवळी आहे, झाकणाचा करंडा आहे, कोंबड्या झाकायचे एक लहानसे डालगे आहे. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर प्रकार, गाव, वर्ष. ही व्यवस्था फार शास्त्रशुद्ध आहे, असा माझा परवापरवापर्यंत समज होता.

असल्या छंदाने एके काळी अमेरिकेला चांगलेच झपाटले होते. १८९० पासून पुढे तीसएक वर्षे तिथल्या सुखवस्तू घरांत आदिवासींच्या टोपल्यांचा स्वतंत्र कोपरा असणे हे अभिरुचीचे लक्षण मानले जाई. या टोपल्यांत ॲरिझोनाकडच्या अपाची लोकांच्या टोपल्यांना मोठा मान. त्यांची रीत आपल्या बुरुडांहून निराळी. विलोच्या तीन बारीक काड्यांची जुडी घ्यायची, ती सापाच्या वेटोळ्यासारखी फिरवत न्यायची आणि विलोच्याच चिरलेल्या सालीने, आरीने भोके पाडीत, एक वेटोळे दुसऱ्याला शिवत जायचे. विणकामापेक्षा हे शिवणकाम अधिक. पांढरट अंगावर माणसांच्या, घोड्यांच्या, चांदण्यांच्या काळ्या आकृती उठतात त्या रंगाने काढलेल्या नसतात. एका रानटी झाडाच्या वाकड्या नख्यांसारख्या फळांची साल मुळातच काळी असते, ती टाक्यात वापरतात. आपल्या माळावर उगवणारी वाघनखी याच झाडाच्या कुळातली. तीही मूळची तिकडचीच. मुले तिची फळे एकमेकांच्या सदऱ्याला अडकवतात, तिथल्या बायका तिच्यातून चांदण्या उगवतात.

अपाची बाईची पाणी भरायची टोपलीही असे. तिला बाहेरून-आतून झाडाचा डिंक माखला, की थेंब गळत नसे. शेणामातीने लिंपलेली आपली धान्याची कणगी आठवा. पाठीवरच्या ओझ्याच्या टोपलीला चामड्याच्या झिरमिळ्या आणि पत्र्याचे लोलक लावीत. बाई चालू लागली, की ते किणकिणत. म्हणजे पाणी, धान्य, लाकूडफाटा असा संसाराचा सगळा भार या टोपल्यांवर होता.

ज्या काळात या टोपल्या दिवाणखान्यात शिरल्या, त्या काळात त्या करणाऱ्यांचे काय चालले होते? १८७२ साली सान कार्लोस इथे अपाचींसाठी सरकारी राखीव मुलूख आखला गेला आणि एकमेकांशी न पटणाऱ्या टोळ्याही तिथे कोंबण्यात आल्या. १८८६ साली त्यांचा लढवय्या जेरोनिमो शरण आला. रानोमाळ हिंडणारे लोक एका जागी खिळले, आणि मग रेल्वेने येणाऱ्या हौशी पाहुण्यांसाठी टोपल्या होऊ लागल्या. पाहुण्यांना आवडतात म्हणून मोठमोठे रांजणाच्या घाटाचे नमुने, नक्षीने भरलेले, निघाले. आज त्यांतल्या उत्तम नमुन्याला लिलावात हजारो डॉलर पडतात. १९०४ साली ओटिस मेसन या संग्रहालयातल्या विद्वानाचा टोपल्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. वीण, काडी, नक्षी यांचे शास्त्र तयार झाले. परंतु हजारो टोपल्यांतल्या बहुतेकींवर करणारणीचे नाव नाही. टोळीचे नाव आहे, विकत घेणाऱ्याचे आहे, देणगी देणाऱ्याचे आहे. शेजारच्या नेव्हाडात वाशो जमातीची दात-सो-ला-ली म्हणून एक थोर कारागीर होऊन गेली. ती १९२५ साली वारली. तिचे नाव तेवढे गाजले, कारण तिच्या दुकानदाराने तिच्या प्रत्येक टोपलीला क्रमांक देऊन वही ठेवली होती. पण त्याच दुकानदाराने माल खपावा म्हणून तिच्याविषयी मनच्या कहाण्याही रचल्या. तात्पर्य, नाव मिळाले तेही दुकानदाराच्या हिशेबाने.

हे सगळे मी वाचले, हळहळलो, आणि माझ्या कपाटाकडे पाहून मला काहीच वाटले नाही. माणूस दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ फार चटकन पाहतो.

आता टोपलीला कला म्हणावे की नाही, हा प्रश्न. आपल्याकडे एके काळी 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' यावर फडके आणि खांडेकर यांच्यात मोठा वाद झाला. खांडेकर तर जन्माने सांगलीचे. या वादात जर कुणी सूप मध्ये ठेवले असते, तर दोन्ही बाजूंची थोडी अडचण झाली असती. कारण सुपाचे सौंदर्य आणि सुपाचे काम यांच्यामध्ये सुरीचे पाते घालायलाही जागा नाही. सुपाचा मागचा भाग खोलगट, पुढचा पसरट आणि उघडा. पाखडताना जड दाणा मागे येतो, हलका फोलपटा पुढे उडतो. त्याच्या विणीला बारीक उंचवटे असतात म्हणून दाणा घसरून जात नाही. कडेला जाड कामटीची चौकट, कारण बाईच्या दोन्ही मुठी तिथे बसायच्या असतात. डोळ्याला जी ओढाळ वळणरेषा सुंदर दिसते, तीच धान्य निवडते.

१९५५ साली निघालेल्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. मी ते पुस्तक दोनदा वाचले. पहिल्यांदा फारसे कळले नाही. दुसऱ्यांदा बुरूड आळीत बसून वाचले, तेव्हा कळल्यासारखे वाटले. सारख्या रुंदीच्या पट्ट्या एकीमागून एक येतात, हा संवाद. उभ्या कामटीवरून एक पट्टी जाते, दुसरी खालून येते, हा विरोध. आणि बूड जमिनीवर टेकवले असता टोपली कलंडत नाही, हा समतोल. एकाच पट्टीने गोल विणत जायचे, तर उभ्या कामट्या विषमच लागतात. सम घेतल्या, तर दुसऱ्या फेऱ्याची पट्टी पहिलीच्याच वाटेने जाईल आणि वीण पडणारच नाही. हे गणित आमच्या आळीतल्या कुणीही पुस्तकात वाचलेले नाही. ते बोटांत आहे.

ही आळी म्हणजे चारच घरे. त्यांतल्या एका ओसरीवर बसणाऱ्या वृद्ध बाईला सारा गाव 'आजी' म्हणतो. कळक, मेस आणि चिवा यांतला फरक तिला काठी न पाहता, नुसत्या चिरण्याच्या आवाजावरून कळतो. हिची ओसरी मी माझ्या एका कादंबरीत घातली. तिथे 'तिने नक्षीदार सूप विणायला घेतले' असे एक वाक्य आहे. परीक्षकांनी त्या प्रकरणातल्या 'अस्सल मातीच्या वासा'ची तारीफ केली. आजीच्या नातीने ते पान तिला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, सुपाला नक्षी काढल्यावं दाणं अडकून ऱ्हात्याली की!" एवढी नेमकी टीका माझ्या लिखाणावर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

एकदा मी तिला म्हटले, "आजी, मला एक दुरडी करून द्या. एकदम बारीक कामाची. पैसे तुम्ही सांगाल ते."

"करते की. काय ठेवायची तिच्यात?"

"काही नाही. कपाटात ठेवायची. बघायला."

तिने हातातला कोयता खाली ठेवला. "नुस्ती बघायला? मग डोळं केवढं सोडू? भाकरीला येगळं, फुलाला येगळं, चिकूला येगळं. आत काय जायचं त्ये ठावं नसंल तर इणू कशी?"

मी निरुत्तर झालो. रूपाला आशयाची गरज किती, यावर मी मासिकांतून तीन लेख लिहिलेले आहेत. तिन्ही लेखांत मिळून जे सांगता आले नाही, ते तिने एका प्रश्नात सांगितले. शेवटी मी "भाकरीची" म्हणालो आणि तिने दुरडी केली. ती कपाटात गेली. चिठ्ठी लागली.

त्यानंतर शाळेची सहल औंधला निघाली. औंध आमच्या साताऱ्याच्या मातीचे भूषण. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. मी मुलांना मूरचे नाव दोनदा म्हणायला लावले. दुपारी झाडाखाली डबे सुटले. आजीची नात सातवीत आहे. तिने भाकऱ्या दुरडीतून आणल्या होत्या. खाता खाता ती सहज म्हणाली, "गुरुजी, त्या दगडावर कुणी केलं त्याचं नाव आपण पाठ केलं. तुमच्या कपाटातल्या टोपल्यांवर आमच्या आजीचं नाव आहे का हो?"

मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मी "चटणी दे बघू जरा" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, तसे झाले.

परतीच्या वाटेवर मी स्वतःशी वाद घातला. म्हटले, रोजच्या वापराची वस्तू, तिच्यावर कोण नाव घालतो? पण माझी सासुरवाडच त्याला साक्ष राहीना. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांचे नाव गावाला आजही तोंडपाठ आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुरा हीदेखील वापराचीच वस्तू. भोपळा, लाकूड आणि तारा. मग तो घडवणाऱ्याचे नाव राहिले आणि दुरडी विणणारीचे का गेले? कारण तानपुरा अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांच्या हाती गेला. गवयाने मान डोलावली, की कारागिराचे नाव सभेत पोचते. सूप गेले घरातल्या बाईच्या हाती. ती सूप वाजवून, उन्हाकडे धरून, दोन दाणे पाखडून पारख करी. ती पारख गवयाच्या पारखीपेक्षा कमी नव्हती. पण तिचे स्वतःचेच नाव उंबऱ्याबाहेर कुणी घेत नव्हते, मग तिच्या सुपाच्या करणारणीचे कोण घेणार?

बुरुडांत एक नाव मात्र आठशे वर्षे टिकून आहे. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या मेळ्यात केतय्या नावाचे बुरूड शरण होते. ते बांबू चिरीत, टोपल्या विकून पोट भरीत आणि कन्नडात वचने रचीत. आमच्या आळीतही त्यांची तसबीर आहे. त्यांचे नाव राहिले ते वचनांमुळे आणि भक्तीमुळे. त्यांनी विणलेली एकही टोपली आज कुणाला दाखवता येणार नाही.

आणि कैकाड्यांचे तर याहून कठीण. तुरीच्या काड्या, तरवडाच्या आणि निर्गुडीच्या फोका यांच्या पाट्या, कणग्या विणत ही माणसे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव हिंडत. शेतकऱ्याला पाटी हवी, पण पाल गावाबाहेर हवे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही हा कायदा आला, कैकाड्यांनाही तो लागला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. १९५२ साली तो कायदा गेला. अपाचींना राखीव मुलुखात कोंडणाऱ्यांनी त्यांच्या टोपल्या निदान काचेत ठेवल्या. आपण कैकाड्यांच्या पाटीत शेण भरले आणि पाटी झिजल्यावर चुलीत घातली. यांतले बरे कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून संग्रहच वाईट, असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' कवींनी, गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या नसत्या, तर आपल्या आजी-पणजींच्या स्वयंपाकघराची कळा आपल्याला कधी कळलीच नसती. त्या वीस हजारांवर वस्तूंच्या संग्रहाला त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. बांबूच्या वस्तूचे आयुष्य तर धातूहून कितीतरी थोडे. कुणी जपली नाही, तर ती राहणारच नाही. बाजारात द्राक्षांना आणि टोमॅटोंना प्लॅस्टिकचे क्रेट आले, घरात प्लॅस्टिकचे सूप आले. १९२७ च्या वनकायद्यात बांबूची गणना झाडात होती, त्यामुळे गवताच्या कुळातल्या या बापड्याला तोडायला-न्यायला झाडाचे निर्बंध लागत. २०१७ साली जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली. काठी सुटली, पण तोवर ती चिरणारे हात थोडे उरले. अशा वेळी जमवणारा माणूस हवाच. फक्त त्याने काय जमवले पाहिजे, एवढाच प्रश्न आहे.

भाऊबीज झाल्यावर मी एक काम केले. अकराही टोपल्या पोत्यात घालून आजीच्या ओसरीवर नेल्या. म्हटले, "आजी, यांतल्या कुणी कुणी केल्या, सांगता येईल का? नावं लिहायची आहेत."

मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. तिने एकेक टोपली उचलली. ती बूड पाहीना, वीण पाहीना. काठावरून नुसता अंगठा फिरवी आणि जिथे बांधणीचे टोक आत खुपसलेले असते तिथे थांबे. "ही माजी. ही बी माजी, पर तवा डोळं चांगलं हुतं. ही माज्या सासूची. ती टोक डाव्या अंगाला दाबायची, डावखुरी हुती न्हवं का. ही पल्याडच्या घरची." एक तिने नाकाजवळ नेली. "ह्यो आमचा बांबू न्हवं. ही तुरकाट्याची. कैकाडणीची हाय. लई झ्याक हात!" आणि माझ्या मते सर्वांत सुबक होती ती दुरडी तिने बाजूला सारली. "ही कुणी का करंना, बाजाराच्या गडबडीत केलीया. काठ बगा, निस्ता गुंडाळलाय."

अकरांपैकी सातांची नावे मिळाली. सगळा वेळ अर्धा तासही लागला नसेल. मी वहीत लिहून घेत होतो आणि माझे कान तापले होते. टोपल्यांवर सह्या पहिल्यापासून होत्या. मी पंधरा वर्षे त्या काचेतून पाहत होतो आणि मला त्या वाचता येत नव्हत्या. पोरांना अक्षरओळख करून देऊन ज्याने केस पिकवले, त्याला ही बाराखडी एका अंगठेबहाद्दर बाईने शिकवली.

निघताना तिने भाकरीची दुरडी माझ्या हातातून परत घेतली आणि बुडाशी निरखून पाहिले. पांढरी पूड पडली होती.

"कपाटात ठिवता व्हय? मग भुंगा लागंल न्हाई तर काय! चुलीवर टांगा, धूर बसू द्या. हातात ऱ्हायली तर टिकंल."

आमच्या घरी आता चूल नाही, गॅस आहे. परंतु दुरडी उन्हात तापवून, झटकून मी स्वयंपाकघरात नेऊन दिली. घरातून "इतक्या वर्षांनी?" एवढाच शेरा आला. या दिवाळीत तिच्यात पुरणपोळ्या राहणार आहेत. बाकीच्या टोपल्या कपाटातच आहेत, पण त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. सात चिठ्ठ्यांवर पहिली ओळ नावाची आहे. चारांवरची पहिली ओळ मी कोरी ठेवली आहे. पुन्हा कधी कुणाचा अंगठा त्या काठांवरून फिरला, तर लिहिता येईल.